ताडपत्रीखालचं सरपण दर श्रावणात का कुजतं

आमच्या घरी गॅस आहे, पण तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच होतात. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातलं आमचं घर जुनं, मागच्या दारी पडवी, पडवीत चूल. मी भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. हळदीला, साखरपुड्याला, आणि रविवारी मटणाबरोबर न्यायला. गौरी-गणपतीत तर सकाळी चारला चूल पेटते ती दुपारपर्यंत विझत नाही. तांदळाच्या भाकरीला आच एकसारखी लागते. लाकूड ओलं निघालं की खापरी तापत नाही, भाकरी फुगायच्या ऐवजी चिकटते आणि पिठाला धुराचा वास धरतो. त्या दिवशीची ऑर्डर गेली म्हणून समजायचं.

म्हणून पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी मी मिठा-मसाल्याइतकीच मनावर घेते. तरीही सलग तीन पावसाळे आमचं निम्मं सरपण कुजलं. दर वेळी वाटायचं, पाऊस जास्त झाला. खरं कारण कळायला तिसरं वर्ष जावं लागलं. उघड्यावर लाकूड साठवणाऱ्या कुणाचंही असं होत असेल, मग ते चुलीसाठी असो, बंबासाठी असो, की शेतघरावरच्या शेकोटीसाठी, तर आधी आमचं काय चुकत होतं ते वाचा.

पहिल्या वर्षी मे महिन्यात पावसाआधीची झाडांची छाटणी झाली तेव्हा टेम्पोभर फांद्या मिळाल्या. सोनमोहर, सुबाभूळ, थोडा आंबा. तोडून, परसात जमिनीवरच ढीग घातला, वरून निळी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली, कडांना दगड ठेवले. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं पॅकिंग केलं आणि निर्धास्त झालो. श्रावणात ताडपत्री उचलली तर आतून कोंदट, ऊबदार वाफ अंगावर आली. लाकडांवर कापसासारखे पांढरे तंतू, सालीवर शिंपल्यांसारखी अळंबी. एक फांदी उचलली तर साल माझ्या हातात आणि लाकूड जमिनीवर. नख दाबलं की नख आत जात होतं. तळाच्या थराला तर मातीच्या नळ्या लागल्या होत्या, वाळवी.

दुसऱ्या वर्षी ढिगाखाली विटा घातल्या. वाळवी गेली, तळ वाचला, पण मधला भाग पुन्हा पांढरा. तिसऱ्या वर्षी ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री घातली. त्या वर्षी सगळ्यात जास्त कुजलं.

आमच्या सासूबाईंनी त्या दिवशी ढिगाकडे बघून जे म्हटलं ते अजून तसंच कानात आहे. "गो, लाकरांना गोधरी कशाला गुंडालतंस? डोक्यावं छप्पर दे, न आंग उघरं ठेव." त्यांच्या लहानपणी प्लास्टिक नव्हतं. सरपण पडवीच्या छपराखाली, दोन खांबांच्या मध्ये रचलेलं असायचं, आणि श्रावणातही खणखणीत वाजायचं.

कुजतं ते कशाने

लाकूड कुजवणारी असते बुरशी, आणि बुरशीला ऊब, हवा आणि पाणी तिन्ही लागतं. आपल्याकडे ऊब आणि हवा काढून घेता येत नाही, म्हणून पाण्यावरच काम करायचं. लाकडातल्या पाण्याचा हिशोब कोरड्या लाकडाच्या वजनाशी करतात. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेलं की तिला मोकळं रान मिळतं. नुकत्याच तोडलेल्या फांदीत मात्र जवळपास अर्धं वजन पाण्याचंच असतं. म्हणजे मे महिन्यात टेम्पोभर लाकूड आणलं तेव्हा निम्मा टेम्पो आपण पाणी आणलं होतं. वखारीतून वजनावर ओलं लाकूड घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं, पैसे पाण्याचेही जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आपली हवाच इतकी दमट, इथे लाकूड कुजणारच," असं मीही म्हणायचे. ते खरं नाही. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली तरी वाळलेलं लाकूड त्या हवेतून ओल ओढून साधारण १७-१८ टक्क्यांवर थांबतं. नुसत्या दमट हवेने ते कुजायच्या पातळीला सहसा जात नाही. जास्तीचं पाणी येतं ते दुसरीकडून. जमिनीतून वर चढणारी ओल, झडीचा पाऊस, पागोळ्यांचे शिंतोडे, आणि मुळात लाकडाच्या पोटात असलेलं स्वतःचं पाणी.

गुंडाळलेल्या ताडपत्रीत हे शेवटचं पाणी अडकतं. दिवसा ढीग तापतो, लाकडातली आणि जमिनीतली ओल वाफ होऊन वर जाते, रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि पुन्हा लाकडावरच टपकतात. बाहेर ऊन पडलं तरी आत पावसाळा चालूच. आमच्या गावठाणाची जमीन खाडीलगतची, पाऊस सुरू झाला की खालून कायम ओलसर, त्यामुळे वाफेला तोटा नव्हता. दोन ताडपत्र्या घातल्या त्या वर्षी जास्त का कुजलं याचा उलगडा इथे झाला.

पटत नसेल तर करून बघा. मी एकाच आंब्याच्या फांदीचे सारख्या वजनाचे दोन तुकडे उभे चिरून घेतले, प्रत्येकी ९०० ग्रॅम. एक ताडपत्रीत ठेवला, दुसरा पडवीच्या छपराखाली विटेवर. भर पावसाचे सहा आठवडे. पडवीतला ६४० ग्रॅमवर आला. ताडपत्रीतला ८७० ग्रॅम, आणि चिरेच्या कडेने बुरशीची पांढरी रेघ. किचनचा काटा पुरतो याला.

खुणेवरून कारण ओळखा

फक्त तळाचा थर मऊ झाला असेल आणि वरचं ठीक असेल तर ओल जमिनीतून येते आहे. तळापासून वर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवीही तिथूनच आली. मधोमध पांढरं आणि कडेचं बरं असेल तर रचाई जाड आहे किंवा गुंडाळलेली आहे, पोटातून वारा जात नाही. भिंतीकडची बाजू काळी पडली असेल तर लाकूड भिंतीला टेकलेलं आहे. आमच्याकडे ही चूक पुढे एकदा झाली, कंपाउंडच्या भिंतीला खेटून रांग लावली आणि वर शेजारच्या पत्र्याच्या पागोळ्या पडत होत्या, हे पाऊस सुरू होईपर्यंत ध्यानातच आलं नाही. एकच टोक सडलं असेल तर बहुतेक पश्चिमेचं, झड तिथून येते.

आणि लाकूड कडक आहे, कोरडं आहे, पण त्यातून मैद्यासारखी बारीक भुकटी गळते आणि टाचणीएवढी भोकं दिसतात, तर ते कुजणं नव्हे. तो भुंगेरा. बांबू, सुबाभूळ, आंब्याचं बाहेरचं पांढरं लाकूड त्याला फार आवडतं. असं लाकूड आधी जाळून संपवा, आणि घराच्या चौकटी-फर्निचरजवळ ठेवू नका.

आम्ही बांधलेला मांडव

आमची जागा आठ फूट लांब. आधी जमिनीवर चार इंच खडी पसरली, कारण पत्र्यावरून पडणारं पाणी चिखल उडवतं आणि तो चिखल खालच्या थराला बसतो. खडीवर सिमेंटचे ब्लॉक, ब्लॉकवर दोन लांब लोखंडी अँगल. लाकडाचा तळ जमिनीपासून फूटभर तरी वर आला पाहिजे. नुसती एक वीट ठेवून भागत नाही, मुसळधार पावसाचे शिंतोडे विटेच्या वर जातात, आणि खाली वाकून वाळवीच्या नळ्या बघायला जागाही राहत नाही. अँगल नसतील तर पॅलेट चालतं. न्हावा-शेवा बंदर जवळ असल्याने इकडे जुनी पॅलेटं सहज मिळतात.

चार कोपऱ्यांना पाइपाचे खांब, वर पत्रा. पत्र्याचा उतार पश्चिमेकडे, आणि त्या बाजूला पत्रा दीड फूट पुढे काढलेला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, खाडीवरून तिरपा येतो, तो छपराखाली घुसतो. छप्पर त्या बाजूला खाली आणि पुढे असलं की झड बाहेरच पडते. उत्तर आणि पूर्व पूर्ण उघडी. पश्चिमेच्या उघड्या भागाला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं टांगली आहेत, लाकडापासून वीतभर लांब. झापातून वारा जातो, पाण्याचा जोर मोडतो. झापं मिळत नसतील तर हिरवी शेडनेट दुहेरी करून लावा. प्लास्टिक मात्र नको, अगदी एका बाजूलाही नको.

पत्रा आणि लाकडाचा वरचा थर यांत दीड हात जागा सोडा. पत्र्याखालीही पहाटे थेंब धरू शकतात, जागा मोकळी असली की वारा ते वाळवून टाकतो.

रांग एकच ठेवा. दोन-तीन रांगा एकमेकींना खेटून लावल्या की मधली कुजते, हे आम्ही बघून झालं आहे. तुकडे सव्वा-दीड फुटांचे, चुलीत मावतील असे, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. लाकूड अंगातून वाळतं त्याच्या कितीतरी पट वेगाने टोकातून वाळतं, म्हणून आखूड तुकडे लवकर तयार होतात. मनगटापेक्षा जाड असेल ते चिरायचंच. साल ही झाडाचा रेनकोट आहे, ती आतलं पाणीही बाहेर येऊ देत नाही. गोल, सालीसकट ठेवलेला ओंडका वर्षभरातही पोटात ओला सापडतो. दोन तुकड्यांत बोट जाईल एवढी फट राहू द्या, आणि रांगेच्या दोन्ही टोकांना एक थर उभा, एक आडवा असे चौथरे रचा, म्हणजे रांग ढासळत नाही. उंची छातीपर्यंत, त्याच्यावर नाही. लहान मुलं परसात खेळतात.

ताडपत्री फेकू नका. मांडव बांधायला जागा नसेल तर ती फक्त रांगेच्या वरच्या माथ्यावर, खाली दोन बांबू आडवे घालून, चारी बाजूंनी वीतभर लोंबेल एवढीच बांधा. तिला उतार द्या. सपाट ताडपत्रीच्या खोळीत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

लाकूड येतं कधी, ते बघा

मांडव कितीही चांगला असला तरी मे महिन्यात आलेलं हिरवं लाकूड त्या पावसाळ्याला तयार होणार नाही. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून, जाण्याची ८ ऑक्टोबर. मधल्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. छाटणीचं लाकूड १५ मेला हातात आलं तर वाळायला चार आठवडेही मिळत नाहीत. आम्ही आता डिसेंबर-जानेवारीत लाकूड घेतो, लगेच तोडून-चिरून रचतो, आणि मार्च ते मे डोक्यावर पत्राही ठेवत नाही. सरळ ऊन आणि वारा लागू द्यायचा. मे महिन्यात वळीव आला तरी धावत जाऊन झाकू नका. वाळत आलेल्या लाकडाला एका सरीने पाणी लागतं ते वरवरचं, दोन दिवसांच्या उन्हात जातं. मिरगाच्या आधी आठ दिवस छप्पर घातलं की पुरे.

मे महिन्यात मिळालेलं लाकूडही घ्यावं, सोडू नये. फक्त ते पुढच्या वर्षीचं समजायचं, आणि वेगळं रचायचं.

झाडांतही फरक आहे. बाभूळ, चिंच, सुरू जड आणि कडक, आच टिकाऊ. आंबा, सोनमोहर, गुलमोहर मध्यम, ओल लागली की भरकन खराब होतात, म्हणून जुलैच्या आत संपवायचे. पांगारा, शेवगा, सावर साठवायच्या भानगडीत पडूच नका, पोकळ लाकूड, पाणी पितं आणि आच देत नाही. करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्यांची देठं पेटवणाला उत्तम, ती गोणीत नको, जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा.

लाकूड आणताना ते कुठून आलं हे विचारून घ्या. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पूर्वी खाडीकाठच्या गावांत तिवराचं, म्हणजे खारफुटीचं सरपण सर्रास असे, आता तिवर तोडायला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, तिवरं गेली तर भरतीचं पाणी आपल्याच अंगणात येणार. येऊरच्या जंगलातलं लाकूडही राष्ट्रीय उद्यानातलं, त्याला हात लावायचा नाही.

पॅलेटं जाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो, त्यात कणसाची खूण आणि दोन इंग्रजी अक्षरं. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते जेवणाच्या चुलीत घालू नका. रंग लावलेलं, प्लायवूड, जुन्या दारांच्या फळ्या, यांचंही तेच. आणि वाळवी लागू नये म्हणून सरपणावर औषध फवारायचं किंवा गाडीचं काळं तेल लावायचं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याचा धूर भाकरीला लागतो आणि तुमच्या छातीत जातो. वाळवीच्या नळ्या दिसल्या की खराट्याने मोडा, लागलेलं लाकूड काढून उन्हात टाका. मातीची ओल तुटली की तिच्यातली वाळवी जगत नाही. मी दर रविवारी वाकून ब्लॉक बघते, दोन मिनिटांचं काम आहे.

जुलै आला आणि ढीग कुजायला लागलाय

आधी ताडपत्री काढा, पाऊस चालू असला तरी. मग प्रत्येक तुकड्याला खिळा टोचा. खिळा सहज आत गेला तर ते लाकूड गेलं. ते जाळायला ठेवू नका, त्यातलं सत्त्व बुरशीने खाल्लेलं असतं, भसकन पेटतं, आच देत नाही. झाडांच्या बुंध्याशी टाका, खत होईल. खिळा घुसत नाही पण वर पांढरं आहे, ते वाचेल. तोंडाला फडकं बांधून बुरशी झाडून टाका, कोयत्याने साल काढा, चिरा, आणि छपराखाली सुटसुटीत उभं करा. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

रोजच्या वापरापुरतं लाकूड चुलीजवळ आणा. आमच्या पडवीत चुलीच्या वरच्या अंगाला पाइपाचा माच बांधला आहे, ज्वाळेपासून चांगला चार हात उंच. त्यावर आठवड्याचं सरपण राहतं. धुराच्या उबेने ते शेवटची ओल सोडतं. चूल पेटती ठेवून तिथून उठायचं नाही, एवढं मात्र पाळावं लागतं.

लाकूड तयार झालं की नाही हे दोन तुकडे एकमेकांवर मारून कळतं. तयार असेल तर टण्ण वाजतं, ओलं असेल तर ढप्प. टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या दिसतात आणि हातात घेतलं की अंदाजापेक्षा हलकं लागतं. खात्री हवी असेल तर एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला वजन करा. दोन आठवडे वजन तेवढंच राहिलं की झालं.

पावसात रांगेत हात घालताना आधी उजेड पाडा आणि काठीने ठोका. कोरडी जागा सगळ्यांनाच हवी असते, विंचू, घोणस, मण्यार यांनाही. वरच्या थरापासून काढत जा, मधून ओढू नका. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर थेट हॉस्पिटल.

आता आमच्या परसात तीन रांगा आहेत, एकमेकींपासून दोन हात लांब. प्रत्येकीच्या टोकाच्या तुकड्यावर खडूने महिना लिहिलेला असतो, म्हणजे घरात कुणीही गेलं तरी चुकीच्या रांगेतून काढत नाही. पहिली रांग आषाढात संपत आली. मधल्या रांगेवर "जानेवारी" लिहिलंय, सगळी चिंच आणि सुरू, ती गौरीच्या ऑर्डरींसाठी राखून ठेवली आहे. तिसरीवर "मे". तिला पुढच्या मार्चशिवाय हात लावायचा नाही असं सासूबाईंनी सगळ्यांना बजावलं आहे.